कानांनी वाचायचा वेल्स

एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली पुस्तकरूपात आली. मला वाटतं, ती डोळ्यांपेक्षा कानांनीच वाचावी. कारण तिच्या रचनेत आहे. लंडनजवळच्या रिचमंडमधल्या आपल्या घरी कालप्रवासी, जेवण झाल्यावर, पाहुण्यांना आपली हकिकत सांगतो. मध्ये कुणी बोलायचं नाही, ही त्याची अट! म्हणजे ऐकणारा आपोआपच त्या पाहुण्यांपैकी एक होतो. सगळी गोष्ट साधारण साडेतीन-चार तासांत ऐकून होते.

‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही १८९८ची कादंबरी मात्र मोठी आहे. रोज थोडी थोडी ऐकावी. शेवटाकडे ओस पडलेल्या लंडनमध्ये मंगळवासीयांचा दोन स्वरांतला, हुंदक्यांसारखा विलाप घुमत राहतो. छापील पानावर तो फक्त कल्पनेत येतो. चांगला वाचक तो प्रत्यक्ष ऐकवतो, आणि अंगावर काटा येतो.

वेल्स १९४६ साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे त्यांची मूळ इंग्रजी पुस्तकं आता सर्वांसाठी खुली आहेत. २००५ साली सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक अशी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती मोफत ऐकता येतात. तिथे एकाच पुस्तकाची प्रकरणं कधी वेगवेगळे लोक वाचतात. वेल्ससाठी मात्र एकाच आवाजातलं वाचन निवडा, कारण या दोन्ही कथा ‘मी’ सांगतो.