कापूस पिकविणाऱ्यांचा वस्त्रविचार



वर्धा नदीच्या तीरावरील कौंडण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर. माहेरी आलेल्या लेकीला लुगडे नेसवून पाठवावे, ही जुनी रीत. ते विरले की त्याची दुपटी होत, मग गोधडी, अखेरीस पोतेरे. त्यातल्या त्यात बरे कापड बोहारणीला देऊन घरात भांडे येई. या काटकसरीमागे दारिद्र्यही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आज जगात दरवर्षी सुमारे ९ कोटी २० लाख टन कापड टाकाऊ ठरते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. स्वस्त कपड्यांत पॉलिएस्टर फार. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्याबरोबर नदीला मिळतात.

वऱ्हाडचा कापूस बहुतांशी पावसावर वाढतो. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) त्याला इंग्लंडच्या गिरण्यांकडून मोठी मागणी आली. युद्ध संपताच भाव कोसळले. कापूस येथून जाई आणि कापड मँचेस्टरहून येई. हा उलटा व्यवहार खादीच्या चळवळीला मोडावयाचा होता. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने खादीचे आणि वनस्पतिजन्य रंगांचे काम पुढे चालविले.

शालेय गणवेशाचे कापड घेताना दराबरोबर सुताचे प्रमाणही विचारले जावे. शिंप्यास शिवणीत माया सोडण्यास सांगावे. पुढील वर्षी उसवून तोच सदरा वाढविता येतो, आणि नंतर तो धाकट्या भावंडाच्या अंगी लागतो.