दोष कुणाचा? : जीवशास्त्राचा धडा आणि आपल्या मुली

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पन्हाळा येथील शिबिरात केलेलं भाषण. थोड्या संपादनासह.)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या सत्राचं नाव ‘मुलींच्या जीवशास्त्रविषयक शंका’ असं छापलं आहे. ते वाचून काहींना वाटलं असेल, की हे तर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं काम. आपण हिंसा, हक्क, कायदा यांवर बोलणाऱ्या. पेशी आणि गुणसूत्रं यांत आपण कशाला पडायचं? आज मला एवढंच सांगायचं आहे, की हे काम आपलंच आहे.

आम्ही किशोरी गटात एक रिकामा डबा ठेवतो. मुली नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकतात. तुमच्यापैकी अनेकजणी हे करत असतील. या चिठ्ठ्यांत गावोगाव तेच ते प्रश्न निघतात. पाळीचं रक्त घाण का असतं? सायकल चालवल्यानं मुलगी खराब होते का? काकूला मूल होत नाही, तिच्यात काय कमी आहे? आईला तीन मुलीच झाल्या, औषध घेतलं तर मुलगा होईल का?

हे प्रश्न नीट ऐकू या. घाण, खराब, कमी. प्रश्न विचारायच्या आधीच निकाल लागलेला आहे, आणि तो बाईच्या विरुद्ध लागलेला आहे. म्हणून आपल्याला दोन कामं करावी लागतात. एक, शास्त्र सांगायचं. दुसरं, प्रश्नात दडलेला तो निकाल उलगडून मुलींच्या समोर ठेवायचा. शाळेत झालंच तर पहिलं काम होतं. दुसरं आपल्यालाच करायला हवं.

पाळीपासून सुरुवात करू. गर्भ राहिला तर त्याला रुजायला जागा हवी, म्हणून दर महिन्याला गर्भाशयाच्या आत रक्तानं भरलेलं मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही तर त्या अस्तराची गरज उरत नाही, ते सुटून बाहेर येतं. पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून साधारण ३० ते ८० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाच्या छोट्या कपापेक्षाही कमी. ते साठलेलं नसतं, नासलेलं नसतं. ज्या अस्तरावर आपण सगळे, विटाळ पाळणारे आणि न पाळणारेही, रुजलो, त्याला घाण म्हणायचं कसं? हे सांगताना आणखी एक सांगायला विसरू नका. खूप जास्त रक्त जात असेल, चक्कर येत असेल, तर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून सोसायचं नाही, दवाखान्यात जायचं.

आता ‘खराब’ होण्याचा प्रश्न. योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो बंद दरवाजासारखा नसतो. त्याला छिद्र असतंच, नाहीतर पाळी बाहेर आली नसती. त्याचा आकार आणि जाडी मुलीमुलीत वेगळी असते. तो खेळताना, काम करताना ताणला किंवा फाटला जाऊ शकतो, आणि काहीजणींचा संबंधानंतरही फाटत नाही. त्यामुळे त्याच्याकडे पाहून किंवा तपासून कुठलाही डॉक्टर एखाद्या मुलीचा संबंध आला आहे की नाही हे सांगू शकत नाही. तरीही वैद्यकीय विद्यार्थ्यांना ‘कौमार्याची लक्षणं’ शिकवली जात होती. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ साली तो भाग अभ्यासक्रमातून काढला. बलात्कार झालेल्या स्त्रीची ‘दोन बोटांची’ तपासणी करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांच्या पुस्तकातून हे जायला इतकी वर्षं लागली, तर गावातल्या आजीला दोष देऊन चालणार नाही. पण मुलींनी सायकल मात्र चालवलीच पाहिजे.

तिसरा प्रश्न मूल न होण्याचा. ‘वांझ’ या शब्दाला आपल्या बोलण्यात पुरुषासाठी जोडीचा शब्द नाही. शास्त्र काय सांगतं? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. वीर्यतपासणी ही साधी, स्वस्त तपासणी आहे. सुई नाही, चिरफाड नाही. पण आपल्याकडे आधी बाईची पिशवी धुतली जाते, दुर्बिणीतून तपासणी होते, उपासतापास होतात, कधी सवतही येते. आणि नवऱ्याच्या तपासणीचं नाव काढलं की घराची अब्रू जाते. आपल्याकडे अशी बाई आली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : दोघांची तपासणी झाली का?

आता सगळ्यात जास्त चिठ्ठ्या ज्यावर असतात त्या प्रश्नाकडे येऊ. मुलगा की मुलगी, हे कशावरून ठरतं?

मी हे दोन वाट्यांनी शिकवते. एका वाटीत फक्त शेंगदाणे. ही आईची. दुसऱ्या वाटीत निम्मे शेंगदाणे, निम्मे हरभरे. ही वडिलांची. मुलीनं डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलायचा. दोन शेंगदाणे आले तर मुलगी, शेंगदाणा आणि हरभरा आला तर मुलगा. शेंगदाणा म्हणजे एक्स गुणसूत्र, हरभरा म्हणजे वाय. आईच्या बीजात एक्सच असतं. वडिलांच्या बीजात एक्स किंवा वाय. दाणा उचलला गेला त्या क्षणी, म्हणजे गर्भ राहतानाच, निकाल लागलेला असतो.

हा खेळ वीस-पंचवीस मुलींकडून करून घ्या आणि फळ्यावर मांडा. दोन गोष्टी आपोआप दिसतात. कुणाच्या वाट्याला लागोपाठ तीन-चार मुली येतात. त्यात नवल काही नाही, सोळा वेळा चार-चार दाणे उचलले तर सरासरीनं एकदा असं होतंच. आणि तीन मुलींनंतर चौथ्या वेळी ‘आता मुलगाच’ असंही काही नसतं. वाटीला मागचं काही आठवत नाही. दर वेळी संधी निम्मीच.

मग औषधाचं काय? पाळी चुकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘मुलगा होण्याचं औषध’ म्हणून पुड्या दिल्या जातात. तोवर निकाल लागून कितीतरी आठवडे झालेले असतात. तो बदलणारं औषध जगात नाही. उलट याच आठवड्यांत बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडत असतात. त्या वेळी कशापासून केलं हे माहीत नसलेली पुडी पोटात जाणं बाळाच्या जिवाशी खेळणं आहे.

ही गुणसूत्रांची गोष्ट शोधून काढण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, हे मुलींना जरूर सांगा. तिचं नाव नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेत शाळेत शिकवून तिनं पैसे साठवले आणि वयाच्या पस्तिशीत ती विद्यापीठात शिकायला गेली. धान्यात-पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक लहान. ते लहान गुणसूत्र म्हणजे आजचं वाय. लिंग कशावरून ठरतं हे तिनं त्यावरून १९०५ साली मांडलं. एडमंड विल्सन हे शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे त्याच सुमारास याच निष्कर्षाकडे आले होते.

म्हणजे या गोष्टीला शंभरहून जास्त वर्षं झाली. दहावीच्या परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर लिहून मुलं-मुली गुण मिळवतात. आणि तरीही त्याच घरात वहिनीला ‘मुलीच काढल्यास’ म्हणून बोलणी बसतात.

इथं आपण थोडं थांबू, कारण आपणही कधी कधी अर्ध्यावरच थांबतो. पथनाट्यात आपण सांगतो, मुलगी होण्याला बाई नाही, पुरुष जबाबदार आहे. बायका टाळ्या वाजवतात. बाईवरचं ओझं त्या क्षणी उतरतं, त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण आपण काय केलं? ‘दोष’ तसाच ठेवला आणि फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. मुलगी होणं हा दोष आहे, हे आपण मान्यच करून बसलो. नवराही काही स्वतःच्या इच्छेनं हरभरा उचलत नाही. यात दोष कुणाचाच नाही, कारण यात दोष घडलेलाच नाही. एक मूल जन्माला आलेलं आहे. उत्तर इथपर्यंत न्यायला हवं.

नुसत्या माहितीनं काय होतं आणि काय होत नाही, हे कोल्हापूर जिल्ह्याइतकं कुणाला कळणार? निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं हे प्रमाण आपल्या जिल्ह्यात १९९१ साली ९३१ होतं, २००१ साली ते ८३९ वर आलं. जिल्ह्यात सर्वांत कमी प्रमाण असलेल्या तालुक्यांत हा पन्हाळा तालुका होता. ज्या गडावरून ताराराणींनी राज्य चालवलं, त्याच्या पायथ्याशी मुली जन्मायच्या थांबल्या. हा काही मागासलेला भाग नव्हे. ऊस आहे, दूध आहे, कारखाने आहेत, शाळा-कॉलेजं आहेत. सोनोग्राफीचे पैसे ज्यांच्याकडे होते त्यांनीच ती केली. ज्यांना एक्स-वाय पाठ होतं, त्यांनीही केली.

कायदा नव्हता असंही नाही. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे १९८८ साली महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा असा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तो कागदावरच राहतो म्हणून सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली कायदा आणखी कडक झाला. पुढे कोल्हापूर जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं उपकरण बसवलं. २०११ साली राज्याचं प्रमाण ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरलं, तेव्हा आपल्या जिल्ह्याचं ८६३ पर्यंत वर आलं. सुधारणा झाली, पण साडेनऊशे अजून दूरच होतं. आणि मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, एका बाईचा गर्भपातात जीव गेल्यावर ओढ्याकाठी पुरलेल्या १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. यंत्रावर पहारा बसला, तरी घरातली चर्चा तीच राहिली होती.

या कायद्याबद्दल बोलताना दोन गोष्टी सांभाळा. एक, ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द. सरकारी भिंतींवर तोच असतो, पण त्यामुळे गर्भपात म्हणजे खून असा समज पसरतो आणि खरोखर अडचणीत असलेली बाई दवाखान्यात जायला घाबरते. कायद्याच्या अटींत राहून सुरक्षित गर्भपात करून घेणं हे १९७१ पासून कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंग तपासून निवड करणं. म्हणून आपण ‘गर्भलिंगनिवड’ म्हणू या. दुसरी, तपासणीला गेलेल्या बाईकडे गुन्हेगार म्हणून बघू नका. नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिच्यावर सक्ती केली, असंच कायदा गृहीत धरतो. आपण कायद्याहून कठोर होऊ नये.

मुलांना शरीराबद्दल सांगितलं तर ती बिघडतात, असं तुम्हाला लोक सांगतील. हे जुनं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचकांनी विचारलेल्या शरीराविषयीच्या शंकांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. आणि २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला आपल्या विधिमंडळात विरोध झाला आणि तो थांबवला गेला. शंका मात्र थांबत नाहीत. डब्यात नाही आल्या तर मोबाइलवर जातात, आणि तिथं कोण काय उत्तर देतं ते आपल्या हातात नसतं.

म्हणून इथून गावी गेल्यावर करायच्या काही साध्या गोष्टी सांगते. प्रत्येक गटात डबा ठेवा. उत्तर माहीत नसेल तर ‘पुढच्या वेळी विचारून सांगते’ म्हणा, आणि खरंच सांगा. वाट्यांचा खेळ मुलींपुरता ठेवू नका. मुलग्यांबरोबर करा, उद्याचे नवरे तेच आहेत. सासवांच्या बचत गटात करा. सासूही कधीतरी बोलणी खाल्लेली सून होती, हे विसरू नका. तिला हे कळतं तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःबद्दलच बोलायला लागते. आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरोबर घ्या. औषधाच्या पुड्या कोण देतं हे त्यांना ठाऊक असतं. आणि शाळेत जाऊन विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा, की तो धडा वर्गात शिकवला का, की ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला.

मुलीनं आपल्याला विचारलं, की माझ्या आईत काय कमी आहे, तर ‘काही नाही’ एवढं म्हणून थांबू नका. तिच्या हातात दोन वाट्या द्या आणि तिलाच दाणे उचलायला सांगा. मग घरी जाऊन ती आईला दाखवेल. त्या घरात हे कुणी पहिल्यांदाच सांगत असेल.