ड्रायव्हरची सीडी



नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या भातकुलीकडच्या गावांत घरगुती कॉम्प्युटर यायला लागले. कापसाचे चुकारे झाले, मुलगा अमरावतीला कॉलेजात आहे, त्याला घेऊन देऊ, असा विचार करून लोकांनी मोठी रक्कम मोकळी केली. बहुतेक मशिनं असेंबल्ड. सुटे भाग नागपूरहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेले. दुकानदार घरी येऊन जोडून देई, गाणं वाजवून दाखवी आणि जाई. पुढं कधी व्हायरस शिरला, कधी काम चालू असतानाच लाइन गेली, आणि विंडोज बसलं. मग फॉर्मॅट करावं लागायचं. खरी अडचण तिथून सुरू व्हायची.

मी त्या काळात हे दुरुस्तीचं काम करत होतो. निरोप यायचा, "भाऊ, टीव्ही तं चालू होते, पण आवाजच नाही येत." पडद्यावरची चित्रं थोराड, रंग मोजून सोळा, मोडेम मुका. माझा पहिला प्रश्न ठरलेला: ड्रायव्हरची सीडी कुठं आहे? ती नव्वद टक्के घरांत सापडत नसे. ती जपून ठेवायची असते, हे घेणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

ड्रायव्हर म्हणजे काय, तर दुभाष्या. मेळघाटात नवा आलेला साहेब आणि कोरकू म्हातारा समोरासमोर बसले, दोघंही शहाणे, पण मधला माणूस नसेल तर काम पुढं सरकत नाही. विंडोज आणि साउंड कार्ड यांचं तसंच असतं. यंत्र शाबूत, विंडोज शाबूत, आणि तरी घरात सगळे म्हणणार, कॉम्प्युटर खराब निघाला. पोरानं काहीतरी दाबलं म्हणून पोराला बोलणी बसायची. त्या मुलांची काही चूक नव्हती, हे मला आज रेडिओवरून सांगायचं आहे.

सीडी नसली की कॅबिनेट उघडायचा. मदरबोर्डवर, मागच्या कडेला, स्पीकरची पिन जिथं लागते त्याच्या जवळ बोटाच्या पेरापेक्षा लहान चौकोनी चिप असते. धूळ पुसून, बॅटरीचा उजेड तिरपा धरला की नाव दिसतं: रिअलटेक, सी-मीडिया, व्हीआयए. पुढं आकडा. तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि एसटीनं अमरावती गाठायची. राजकमल चौकाकडच्या सायबर कॅफेत ड्रायव्हर उतरवायचा. फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी, फाइल त्याहून मोठी. म्हणून तुकडे करून फ्लॉप्यांवर भरायची. परत आल्यावर एखादी फ्लॉपी वाचलीच जात नसे, की सगळी खेप वाया. मोडेमचं तर आणखी अवघड. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट मोडेमशिवाय नाही.

त्यातही स्वस्त इंटर्नल मोडेम फसवे होते. महागड्या मोडेममध्ये काम करणारी चिप असे. स्वस्तात ती काढून ते ओझं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलेलं असे. ड्रायव्हर गेला की हातात नुसता पत्रा आणि प्लॅस्टिक उरे. त्याच्याही आधीच्या मशिनांत भांडण वेगळंच होतं. प्रोसेसरला हाक मारायच्या वाटा एकूण सोळा. कॉम-१ या पोर्टवरचा माऊस चार नंबरच्या वाटेवर, आणि कॉम-३ वर बसवलेला मोडेमही चारच नंबरवर. मोडेम डायल करायला लागला की माऊस जागीच थिजायचा. १९९५ च्या विंडोजनं 'प्लग अँड प्ले' आणलं, तरी जुनी कार्डं त्याला जुमानत नसत. त्यांचे जंपर चिमट्यानं काढून दुसऱ्या पिनांवर बसवावे लागत.

आपल्या मराठीलाही तेव्हा कार्ड लागायचं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट कार्ड मशिनात बसवलं की डॉसवर देवनागरी उमटे. मोठं काम होतं ते. पण २००० च्या सुमारास हे कार्ड ज्यात बसे ते जुने आयएसए स्लॉट नव्या मदरबोर्डांवरून जायला लागले. त्याच वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरी आतच होती, म्हणून निभावलं. स्कॅनर-प्रिंटरवाल्यांचं असं निभावलं नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं, पुढं ६४ बिटचं विंडोज सर्रास झालं, आणि कंपनीनं नवा ड्रायव्हर काढला नाही म्हणून चांगले चालते स्कॅनर भंगारात गेले.

आता उलट उदाहरण बघा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. टीव्हीएसचा एमएसपी २४५ असो की एप्सनचा एलएक्स, कर्रकर्र आवाज करत अजून पावत्या छापतात. कारण एप्सननं ऐंशीच्या दशकात ठरवलेली हुकूमांची भाषा छापील पुस्तकात सगळ्यांना मिळत होती, म्हणून इतर कंपन्यांनीही तीच घेतली. सीडी हरवली तरी विंडोजच्या यादीतून एप्सन निवडायचं, प्रिंटर कामाला लागे. भाषा उघडी होती म्हणून यंत्र जगलं. उलट अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा प्रिंटर आला, तेव्हा त्याच्या सॉफ्टवेअरचा मजकूर तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना मिळाला नाही. ती बोच ते विसरले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू हा खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, आणि विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या आजच्या लिनक्सचा मोठा भाग त्यातूनच आला. विंडोजनं टाकून दिलेले कितीतरी जुने प्रिंटर आजही लिनक्सवर चालतात.

हे जुनं झालं असं समजू नका. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन असतं, त्यालाही ड्रायव्हर आणि वर आधारसाठीची आरडी सर्व्हिस लागते. विंडोज अपडेट झालं की कधी ते बंद पडतं. समोर रांगेत केवायसीसाठी आलेली बाई असते, जन्मभर कापूस वेचलेली. ती आपलाच अंगठा उलटसुलट करून पाहते आणि म्हणते, "माह्या रेघाच मिटल्या असतीन." रेघा खरंच झिजतात, नाही असं नाही. पण ऑपरेटर बंधूंनो, तिला परत पाठवण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून तिथं पिवळं चिन्ह दिसतं का ते पाहा. आणि पंचायत, शाळा, सोसायटी यांच्यासाठी जे खरेदी करतात त्यांनी निविदेत एवढी अट लिहावी: पुढच्या विंडोजसाठी आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर फुकट द्यावा लागेल, किती वर्षं तेही आकड्यात.