मुंबईचे समुद्रोद्योग आणि परिषदा



समुद्रासंबंधीं बोलावयास केळापूरचा माणूस कां, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांस आली असेल. शंका रास्त आहे. आमच्यापासून मुंबईचा समुद्र सातआठशें किलोमीटर दूर. आमच्या दृष्टीस नित्य पडतात त्या नागपूर-हैदराबाद रस्त्यावरील मालमोटारी. परंतु १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचें मुंबईच्या धक्क्याशीं जें नातें जडलें तें आजतागायत सुटलेलें नाहीं. तेव्हां बंदराविषयीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांसही थोडासा पोहोंचतो.

२०२५ च्या ऑक्टोबरांत, २७ पासून ३१ तारखेपर्यंत, मुंबईस गोरेगांव येथें 'इंडिया मेरिटाइम वीक' या नांवाची मोठी सागरी परिषद भरली. ८५ हून अधिक देशांचा तींत सहभाग होता. अशीच परिषद २०१६ च्या एप्रिलांत गोरेगांवासच आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत वांद्रे-कुर्ला भागांत भरली होती; मधली २०२१ ची तेवढी महामारीमुळें संगणकावर घरबसल्या झाली. माझा एक भाचा व्यापारी जहाजावर अभियंता आहे. तो या परिषदेस गेला, आणि त्याच्या निमित्तानें मीही मुंबई पाहून आलों.

परिषदेला सभागृह लागतें, उतरण्यास हॉटेलें लागतात, विमानतळ लागतो. हें सारें दिल्लीस आहे, हैदराबादेसही आहे. मग जहाजवाले मुंबईसच वारंवार कां येतात? भाच्यानें याचें उत्तर एका वाक्यांत दिलें : "मामा, परिषद नसती तरी त्यांना इथें यावेंच लागलें असतें." त्याचें स्वतःचें प्रमाणपत्र देणारें नौवहन महासंचालनालय मुंबईस. जहाज समुद्रांत जाण्यास योग्य आहे कीं नाहीं हें तपासणारी भारतीय संस्थाही तेथेंच. माझगांवच्या गोदींत युद्धनौका व पाणबुड्या बांधल्या जातात. किनाऱ्यापासून दूर समुद्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें, त्याचा कारभारही बराचसा मुंबईहूनच चालला. वर्सोव्यास मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ पासून आहे. हँबुर्गचें किंवा अथेन्सचें असेंच आहे. ज्या गांवीं जहाजांचे मालक, बांधणारे आणि विमेवाले राहतात तेथें सभा आपोआप भरते. सभागृह मागाहून येतें.

शाळेंत भूगोल शिकवितांना 'मुंबई हें नैसर्गिक बंदर आहे' हें वाक्य मीं तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. त्याचा अर्थ मला धक्क्यावर उभें राहिल्यावर कळला. येथें उधाणाच्या भरतीओहोटींत पाण्याची पातळी चारपांच मीटर खालीवर होते. भरतीस जहाज गोदींत तरंगत आणावयाचें, ओहोटीबरोबर पाणी उतरूं द्यावयाचें, दरवाजा लावावयाचा आणि उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करावयाची. १७३६ सालीं सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनीं या सोयीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. लांकूड मलबारी सागाचें. या लांकडांत तेलाचा अंश असल्यामुळें तें पाण्यांत लवकर कुजत नाहीं. १८१७ सालीं येथें बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत आहे व लोक तें पाहावयास जातात. आमच्या जहाजाच्या जिवावर दुसऱ्या गांवानें पाहुणे जमवावे, ही गोष्ट मला थोडी लागली.

संध्याकाळीं भाचा परत आल्यावर मीं सहज विचारलें, "समुद्र दिसला कां रे ?" तो हंसून म्हणाला, "दिसला मामा, पडद्यावर पुष्कळ दिसला !" गोरेगांवच्या त्या मंडपांतून समुद्र दिसत नाहीं, यांत कोणाचा दोष नाहीं, एवढी मोठी जागा धक्क्यावर कोठून आणावी? पण ज्या उद्योगाच्या आकर्षणानें पाहुणे येतात तो त्यांना दाखवावयाचा नाहीं, हें मात्र मला लग्नास बोलावून वधूवर न दाखविण्यासारखें वाटतें. गोव्यांत बेतूल येथें तेल व नैसर्गिक वायु महामंडळाची प्रशिक्षणसंस्था आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत ऊर्जेविषयींची परिषद त्या आवारांतच भरली. आणि समुद्रांत अपघात झाल्यास जीव कसा वांचवावा हें शिकविणाऱ्या केंद्राचें उद्घाटन त्याच वेळीं झालें. बुडालेल्या हेलिकॉप्टरांतून बाहेर कसें पडावें हें जेथें शिकवितात, तेथें बसून समुद्रांतील तेलाविषयीं बोलणारा माणूस थोडा जपूनच बोलेल, असा माझा तर्क आहे.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही दोघे ससून डॉकला गेलों. १८७५ सालीं ही गोदी झाली ती कापसाच्या व्यापारासाठीं. आज तेथें कापसाचा बोंडही दिसावयाचा नाहीं, मासळी दिसते. अंधारांतच बोटी लागतात, टोपल्या वर फेंकल्या जातात, आणि लिलांव सुरू होतो. भावाची सगळी सत्ता कोळणींच्या हातीं. आंकडे इतक्या वेगानें बोलले जात होते कीं, जन्मभर पाढे म्हणवून घेतलेला मी, मला एकही सौदा धरतां आला नाहीं.

तेथें उभा असतां मला वाढवणची आठवण झाली. पालघर जिल्ह्यांत डहाणूजवळ सुमारें ७६,००० कोटि रुपये खर्चाच्या या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. तेथें पाणी खोल आहे, फार मोठीं जहाजें थेट धक्क्यास लागतील, असें सांगतात. तेथील मच्छीमारांचा विरोध मात्र जुना आहे. समुद्रांत भराव पडला कीं जाळें टाकण्याची जागा जाते, हें त्यांचें म्हणणें समजण्यास शास्त्र लागत नाहीं. मी बंदराच्या विरुद्ध नाहीं. आमचा कापूस बंदरावांचून परदेशीं जाणार नाहीं, तेव्हां माझें पारडें थोडें एका बाजूस झुकलेलें आहे हेंही मी कबूल करतों. परंतु सागरी परिषदेच्या पांच दिवसांपैकीं एक दिवस धक्क्यावर घालवावा, आणि त्या दिवशीं व्यासपीठ मच्छीमार संस्थांकडे द्यावें, असें मला मनापासून वाटतें. भांडवलवाल्यानें हा विरोध अर्जांतून वाचण्यापेक्षां समोर ऐकावा. त्यानें बंदर थांबेल असें नाहीं. पण कोणाचें काय जातें, त्याबद्दल कोणास काय मिळावें, हा हिशेब तरी चारचौघांत मांडला जाईल.

पुढच्या परिषदेस भाचा जाणारच आहे. त्याला मीं बजावून ठेविलें आहे कीं, कोणी परदेशी मित्र भेटला तर त्याला पहांटे पांचला उठवून ससून डॉकला न्यावें. मात्र बूट जुने घालावयास सांगावें.