ओवाळणी की हक्क?

(ग्रामीण महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

शिबिराचे विषय ठरत होते तेव्हा एक कार्यकर्ती मला म्हणाली, "ताई, त्या पंधराशे रुपयांवर बोलाच. गावात बैठक लावली की बायका एकच विचारतात, हप्ता कधी येणार? पाण्याचा, दारूचा, मारहाणीचा विषय काढायला जागाच उरत नाही." तिच्या बोलण्यात वैताग होता. मला मात्र वाटतं, बायका अगदी योग्य प्रश्न विचारतायत. हातात स्वतःचा पैसा नसणं म्हणजे काय, हे त्या जन्मभर अनुभवत आल्यात. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय निघाला तो जून २०२४ मध्ये. २१ ते ६५ वर्षं वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रीला महिन्याला १५०० रुपये, थेट तिच्या आधार जोडलेल्या खात्यात. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीआधी पाच हप्ते पोचले होते. राजकारण आपल्याला कळतं. पण निवडणुकीसाठी दिले म्हणून ते पैसे बाईच्या कामाचे नाहीत, असं म्हणणं मला पटत नाही. असं म्हणणारे बहुतेक जण महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे असतात.

मी प्रत्येक बैठकीत एक प्रश्न विचारते, "पहिले पैसे कशावर गेले?" उत्तरं ऐका. दुकानदाराची उधारी. पोराच्या वह्या. सासूचा चष्मा. बचतगटाचा थकलेला हप्ता. शेळीचं करडू. एक बाई हळूच म्हणाली, "मी माझ्यासाठी चप्पल घेतली. कुणाला न विचारता." सगळ्या हसल्या, पण मग बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या 'न विचारता'ची किंमत पंधराशेपेक्षा मोठी आहे, हे सगळ्यांना कळलं होतं.

'फुकट पैसा मिळाला की लोक आळशी होतात, दारूत घालवतात' हे तुम्ही ऐकलं असेल. त्याला उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशात मिळालं आहे. २०११-१२ मध्ये 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम, कोणतीही अट नाही. सुरुवातीला मोठ्या माणसाला २०० रुपये, मुलाला १००. पुढे ते ३०० आणि १५० झाले. मुलांचे पैसे आईकडे. पैसे न दिलेल्या गावांशी तुलना केली तेव्हा दिसलं, की खाणं सुधारलं, कर्जाचा विळखा थोडा सैल झाला, लोकांनी जनावरं घेतली. लोक आळशी झाले नाहीत. उलट स्वतःच्या शेतात आणि धंद्यात जास्त राबू लागले. दारूचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे पैसे कुटुंबाला दिले नव्हते, प्रत्येकाला दिले होते. बाई बाई म्हणून मोजली गेली, कुणाची बायको म्हणून नव्हे.

आपल्याकडे घोडं नेमकं इथेच अडतं.

पी. एम. किसान योजना २०१९ मध्ये आली. वर्षाला ६००० रुपये, पण ज्याच्या नावावर जमीन त्याला. शेतात वाकून खुरपणारी बाई, सातबारा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटींपैकी जेमतेम चौदा स्त्रियांच्या होत्या. म्हणजे शेतकऱ्याच्या नावानं आलेला पैसा पुरुषाच्या खात्यात जातो. जिच्या नावावर जमीन आहे आणि केंद्र-राज्य दोन्हींचा मिळून वर्षाला १२००० चा शेतकरी सन्मान मिळतो, तिला लाडकी बहीण म्हणून फक्त ५०० ठरवले. शेतकरी म्हणून मिळालेलं बहीण म्हणून कापून घेतलं.

तीच गोष्ट निराधार बाईची. संजय गांधी निराधार योजनेतून जिला १५०० मिळतात, ती या योजनेत बसत नाही. म्हणजे घरात कमावता माणूस आहे तिलाही पंधराशे आणि जिला कुणीच नाही तिलाही पंधराशेच. सगळ्यांना मिळालं याचा आनंद आहे. पण तिच्या निराधार असण्याचं काय झालं? ते हिशोबातून पुसलं गेलं.

आता टाकलेल्या बायकांचं बघा. योजनेच्या कागदावर 'परित्यक्ता' हा शब्द आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवताना विधवेला मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितेला कोर्टाचा कागद देण्याची सोय केली. पण जिचे वडील वारले आहेत, नवऱ्यानं दुसरी आणलीय आणि कोर्टाची पायरी जिनं कधी चढली नाही, तिनं कोणता कागद आणायचा? अकरा वर्षं माहेरी राहणारी एक बाई मला म्हणाली, "पोटगी मागायला त्याच्या दारात गेले नाही. आता आधार नंबर मागायला जाऊ?" ऐंशीच्या दशकात आपल्या चळवळीनं परित्यक्तांच्या परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, 'बाईच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड द्या' अशी मागणी केली. तेव्हा कार्डावर नवरा होता, आज मोबाईलच्या पडद्यावर आहे. एवढाच फरक पडलाय.

दुसरं दुखणं घरातलं आहे. एका गावात तिघी-चौघींनी सांगितलं, की नवरा किराण्याला जे पैसे द्यायचा ते आता देत नाही. म्हणतो, "तुला सरकार देतंय ना!" म्हणजे सरकारनं बाईला दिलेले पैसे नवऱ्याच्या खिशात वाचले. खातं तिचं, पण एटीएम कार्ड त्याच्याकडे किंवा मुलाकडे. आणि बँकेचं म्हणाल तर, पहिल्याच हप्त्यातून जुनी थकबाकी वळती करून घेतल्याच्या तक्रारी ऑगस्ट २०२४ मध्ये आल्या. असं करू नका, अशी सूचना सरकारला द्यावी लागली.

मग हे पैसे आहेत तरी कसले? नाव सांगतं, भावानं बहिणीला घातलेली ओवाळणी. ओवाळणी भावाच्या मनावर असते. किती घातली हे विचारायचं नसतं. पुढच्या वर्षी कमी घातली तर बोलायचं नसतं. मैत्रिणींनो, रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आठवा. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांनी 'काम द्या' म्हणून तहसीलवर मोर्चे नेले, कारण काम मागणं हा कायद्यानं दिलेला अधिकार होता. लाडकी बहीण योजना कायद्यानं नाही, शासन निर्णयानं आली. एका निर्णयानं आलेलं दुसऱ्या निर्णयानं बदलतं. तमिळनाडूत सप्टेंबर २०२३ मध्ये स्त्रियांना महिना १००० रुपये देणारी योजना सुरू झाली. तिच्या नावात 'उरिमै' हा शब्द आहे. उरिमै म्हणजे हक्क. नाव बदललं म्हणून सगळं बदलत नाही, अटी तिथेही आहेत. पण कोणत्या शब्दानं देतात, यावर आपण कोणत्या आवाजात मागायचं हे ठरतं.

हक्क कशाचा, असं कुणी विचारलं तर हिशोब मांडा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. पंधराशे रुपये म्हणजे दिवसाचे पन्नास. पावणेपाच-पाच तासांच्या बिनमोल कामाला तासाला दहा रुपये. शेतातली मजुरी वेगळी, मुलं-म्हातारी सांभाळणं वेगळं. हे कुणी उपकार करत नाहीये, बहिणींनो.

तेव्हा करायचं काय? गावी गेल्यावर चार गोष्टी करा. एक, प्रत्येक बाईचं खातं तिचं एकटीचं आहे ना, आधार नेमक्या कोणत्या खात्याला जोडलाय, पासबुक आणि कार्ड कुणाच्या ट्रंकेत आहे, हे बैठकीत विचारा. पैसे काढायला दोघी-तिघी मिळून जा. दोन, नाव कापलं गेलेल्या बायकांची यादी करा, कारण लेखी मागा. ग्रामसभेत ती यादी मोठ्यानं वाचा. तीन, परित्यक्ता आणि एकल स्त्रीसाठी नवऱ्याच्या कागदाची अट काढून टाका, ग्रामसभेचा ठराव पुरावा माना, ही मागणी लावून धरा. चार, पंधराशे दिले म्हणून रेशन, दवाखाना, अंगणवाडी आणि हाताला काम यातलं काही कमी होत असेल, तर गप्प बसू नका. बाजारात पंधराशेत महिन्याचं धान्यसुद्धा भागत नाही.

त्या चप्पलवाल्या बाईला मी पुढच्या बैठकीत विचारलं, "चप्पल टिकली का?" ती म्हणाली, "टिकली. आता त्याच पायांनी तहसीलला येते, शेजारणीचं नाव कापलंय ते विचारायला."

तिच्याबरोबर आपणही जाऊ या.