दुकानाची वही आणि निर्णयाची कसोटी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांत आजकाल जे संशोधन होते त्याविषयी आपण बोलावे, असे संस्थेच्या चालकांनी सुचविले. विषय ऐकून मागे बसलेल्या काही पालकांच्या मनात आले असेल की, संशोधन हे विद्यापीठातल्या लोकांचे काम. आमचे किराणा दुकान, आमची वेल्डिंगची टपरी, आमचा फळांचा गाडा, यांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. म्हणून आज मी विद्यार्थ्यांपेक्षा पालकांकडे पाहून थोडे अधिक बोलणार आहे.

व्यवहारात आपण रोज निर्णय घेतो. माल किती भरावा, उधारी कुणाला द्यावी, मुलाला दहावीनंतर शिकवावे की दुकानावर बसवावे. हे निर्णय आपण बहुधा अंदाजाने, ऐकीव माहितीने किंवा शेजारच्याने काय केले ते पाहून घेतो. प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले संशोधन म्हणजे यापेक्षा वेगळे काही गूढ नाही. जे आपल्याला वाटते ते खरोखर तसे आहे काय, हे मोजून पाहणे, एवढेच ते.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी सुरुवातीच्या वर्षांतच काय अभ्यासले असेल? पुण्याच्या बाजारातील फळांचा व्यापार! मोटार-बसच्या वाहतुकीचा धंदा! शेतकऱ्याच्या हातून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत मध्ये कुणाकुणाचे हात लागतात आणि प्रत्येकाला काय सुटते, हा प्रश्न विद्वानाने अभ्यासण्याजोगा आहे असे त्यांना वाटले. पुढे हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांच्या बरोबर उभे राहिले. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातही १९२९-३० मध्ये प्रा. केशव अय्यंगार यांनी खेड्यापाड्यांतून आर्थिक पाहणी केली होती. तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन बाजारात फिरणे हे कमी दर्जाचे काम आहे, असे आमच्या एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांनी समजू नये.

आता अलीकडचे एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या घरांतले बरेच काही दिसते.

मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव ही कापड गिरण्यांची ठिकाणे आहेत. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तेथे २००८ पासून एक प्रयोग केला आणि त्याचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. १७ कंपन्यांचे २८ कारखाने त्यांच्या अभ्यासात होते. कारखाने लहान नव्हते, शेकडो कामगार होते. पण कारभार कसा? सुताचा साठा किती आहे याची धड नोंद नाही. यंत्र बंद पडले की मगच दुरुस्ती. कापडात दोष कोणत्या मागावर निघतो हे कुणी लिहून ठेवत नव्हते. दोष निघाला की माणसे लावून तो दुरुस्त करायचा, पुन्हा तोच दोष निघायचा. मालक म्हणत, आमचे बरे चालले आहे.

संशोधकांनी ३८ साध्या पद्धती ठरविल्या. त्यांत कुठलेही महागडे यंत्र नव्हते. रोजच्या दोषांची नोंद ठेवा, साठ्याला क्रमांक लावा, यंत्रांना वेळच्या वेळी तेलपाणी करा, रोज सकाळी थोडा वेळ आकड्यांवर बोला, अशा त्या पद्धती. काही कारखान्यांना सल्लागार पाच महिने दिले: एक महिना पाहणीचा, चार महिने पद्धती बसविण्याचे. दुसऱ्या काही कारखान्यांना मात्र फक्त एक महिन्याची पाहणी दिली, पुढची मदत दिली नाही.

विद्यार्थ्यांनी इथे नीट लक्ष द्यावे. मदत न दिलेले कारखाने कशासाठी ठेवले? शेतकरी नवे बियाणे आणतो तेव्हा शहाणा शेतकरी सगळ्या रानात ते पेरत नाही. एका पट्ट्यात नवे, शेजारच्या पट्ट्यात जुने पेरतो. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. मग जो फरक दिसतो तो बियाण्याचा असतो. नुसते नवेच पेरले आणि पीक चांगले आले तर ते बियाण्याने आले की पावसाने, हे कसे कळणार? गिरण्यांच्या बाबतीतही तसेच. त्या वर्षी कापडाला बाजारच तेजीचा असता, तर सर्वांचाच नफा वाढला असता. तुलनेला दुसरा पट्टा होता म्हणून सांगता आले की, मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी अधिक वाढली. तीन वर्षांच्या आत त्यांतील मालकांनी नवे कारखानेही उघडले. कारखाने थोडे होते, हा या अभ्यासाचा उणेपणा जरूर सांगावा. पण एवढ्या काटेकोरपणे असा प्रयोग धंद्याच्या क्षेत्रात फार थोड्यांनी केला आहे.

मग एवढ्या सोप्या आणि फायद्याच्या गोष्टी मालकांनी आधीच का केल्या नाहीत? संशोधकांना दोन कारणे दिसली. एक, पुष्कळांना या पद्धती ठाऊकच नव्हत्या, किंवा ठाऊक असून त्यांतून काही निघेल असे वाटत नव्हते. दुसरे कारण अधिक बोलके आहे. या सर्व कंपन्यांत पैसा, खरेदी आणि नोकरभरती यांचे महत्त्वाचे अधिकार केवळ घरच्या माणसांच्या हातांत होते. बाहेरचा माणूस चोरी करील, ही भीती. त्यामुळे एखाद्या मालकाचे किती कारखाने असतील, हे त्याच्या हुशारीवरून नव्हे, तर घरात भाऊ आणि मुलगे किती आहेत यावरून ठरत होते!

मंडळी, हे वाक्य ऐकून आपल्याला आपलीच घरे आठवली पाहिजेत. दोन दुकाने काढायची तर दोन मुलगे हवेत, तिसऱ्यासाठी तिसरा. म्हणून दहावी झालेल्या मुलाला शाळेतून उचलून गल्ल्यावर बसविले जाते, कारण भरवसा त्याच्यावरच. नोंद चोख असेल तर पगारी माणसावरही भरवसा ठेवता येतो. वही नसेल तर सख्ख्या भावावरही संशय येतो. शिवाय, घरात माणूस नाही असे म्हणताना आपण मुलींना मोजतच नाही. आपल्याच संस्थेत बी.कॉम. करणारी मुलगी घरी बसून दुकानाचा हिशेब ठेवू शकते, जी.एस.टी.ची कागदपत्रे पाहू शकते. तिचे शिक्षण निकाहपर्यंतचा वेळ घालविण्यासाठी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या दुकानाची वही एक महिना तिच्याकडे देऊन पाहावी.

लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला परकी नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे, २८२ वी, आणि तिचा विषय मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद हा आहे. नमाज-रोजाविषयी जागरूक असणारी आपली माणसे या बाबतीत ‘जबान दिली आहे’ एवढ्यावर का थांबतात, हे मला कळत नाही.

तारापूरच्या गोष्टीला एक पुरवणी आहे. काही वर्षांनी संशोधक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. २०२० साली तो निबंध आला. सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सोडून दिल्या गेल्या होत्या. व्यवस्थापक बदलला की पद्धत गेली, मालकाला वेळ नाही की पद्धत गेली. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते पुढेच होते. जानेवारीत घेतलेली नवी वही मार्चमध्ये कोरी राहते, हा आपला अनुभव यापेक्षा फारसा वेगळा नाही.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. लातूरच्या शिक्षणाचा लौकिक मोठा आहे आणि तो कष्टाने मिळविलेला आहे. नांदेडातही आता शिकवण्यांचा मोठा व्यवसाय उभा आहे. निकाल लागला की चौकाचौकांत फलक लागतात: वैद्यकीयला लागलेल्या मुलांचे हसरे चेहरे, गुण, नावे. ते पाहून बाप प्लॉट विकतो, आईचे दागिने गहाण पडतात. त्या फलकावर एक आकडा कधीच नसतो: त्या वर्षी एकूण किती मुले दाखल झाली होती. पन्नास लागली, पण पन्नास कितींतून? शंभरातून पन्नास आणि दोन हजारांतून पन्नास, यांचा फलक एकसारखाच दिसतो. शिवाय, आधीच हुशार मुले निवडून घेतली असतील तर यश शिकवणीचे किती आणि मुलांचे किती? दुसरा पट्टा कुठे आहे? फी भरण्यापूर्वी पालकांनी हे प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

आपल्या समाजाविषयीही मोजणीने बरेच गैरसमज दूर झाले आहेत. २००५ साली नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. मुसलमानांची मुले मदरशांतच जातात, असे देशभर बोलले जात होते. ७ ते १९ वर्षे वयाच्या मुलांपैकी मदरशांत जाणारी मुले सुमारे ३ टक्केच आहेत, असे समितीने दाखविले. बँकांच्या बाबतीत दिसले ते असे: अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जखात्यांत मुस्लिमांचा वाटा सुमारे १२ टक्के, पण कर्जाच्या रकमेत ५ टक्क्यांहूनही कमी. खाती आहेत, पैसा नाही. काही बँकांनी वस्त्याच्या वस्त्या कर्जासाठी बाद ठरविल्याचेही त्या अहवालात आहे. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु तेवढ्यावर सगळे कारण संपत नाही. व्याज नको म्हणून किती जण बँकेत गेलेच नाहीत? कागद नाहीत म्हणून किती जणांचे अर्ज परत आले? नुसती टक्केवारी हे सांगत नाही. त्यासाठी गल्लीत जाऊन विचारावे लागते.

मराठवाड्याच्या अनुशेषाचेही असेच झाले. मागासलेपणाची तक्रार वर्षानुवर्षे होती. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने रस्ते, सिंचन, शिक्षण वगैरे बाबींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी लावून पाहिला आणि १९८४ मध्ये ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के. भरपाई किती झाली तो वाद निराळा. पण वाद घालायला आकडा मिळाला.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवितो. प्रकल्प-अहवाल दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढण्याची जी पद्धत पडली आहे ती आपल्या संस्थेत तरी बंद व्हावी. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा चौक आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. या प्रत्येक रस्त्यावरचे दर दहावे दुकान घ्यावे; नांदेडच्या विद्यार्थ्यांनी इतवाऱ्यात तसेच करावे. ओळखीची दुकाने निवडू नयेत, नाहीतर मामाचे आणि चाचाचेच मत हाती येईल. नाव विचारू नये. पाचच प्रश्न असावेत: रोजची नोंद ठेवता काय, दुकानाचा आणि घरचा पैसा वेगळा आहे काय, उधारी साधारण किती दिवसांत वसूल होते, भांडवल कुठून आणले, आणि तुम्ही नसताना दुकान कोण पाहते. जो दुकानदार उत्तर द्यायला नकार देईल, त्याचीही नोंद करावी आणि अहवालात अशांची संख्या लिहावी. त्याच्या जागी शेजारचे दुकान घेऊ नये, कारण न बोलणाऱ्यांचा व्यवहार बोलणाऱ्यांसारखाच असेल असे धरून चालता येत नाही.