हिंदी शिकू, पण कोणती?
(बुलढाणा येथील महिला शिबिरात केलेले भाषण)



'हिंदी भाषा आणि आपली संस्कृती' असा विषय मला दिला आहे. दोन्ही गोष्टी एकाच दाव्याला बांधून दिल्या आहेत, आणि आपल्या घरांत त्या आल्याही तशाच. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका हिंदी शिकल्या त्या १९८७-८८ साली दर रविवारी दूरदर्शनवर 'रामायण' बघताना. भाषा तिथूनच आली, आणि चांगली बायको कशी असते तेही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली, तेव्हा त्यांच्या सुनांनी पाहिली.

आम्ही ज्या गावात काम करतो तिथली एक आजी तेव्हा म्हणाली, "आमची ओवीतली सीता रडते बी अन् बोलते बी. हे टीव्हीतली निस्ती खाली पाह्यते." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जात्यावर बसून बायकांनी सीतेचा वनवास गायला तो तिच्या बाजूने. तीही हिंदू परंपराच आहे. पण तिला पडदा मिळाला नाही, आणि जातं गेलं तशी तीही चालली.

हिंदी आपल्याला परकी नाही. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या बायकांना बऱ्हाणपूरच्या बाजारात आजही ती लागते. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारने जून २०२५ मध्ये मागे घेतला. त्या वादात शाळा सुटलेल्या बाईला कोणती भाषा कशासाठी हवी, हा प्रश्न मला तरी ऐकू आला नाही.

परंपरा म्हणून आपल्या गळ्यात काय पडतं, तेही बघा. एका घरात सात महिन्यांच्या गरोदर सुनेला करवा चौथचा निर्जळी उपास धरायला लावला होता. वऱ्हाडात हे व्रत नव्हतं; सिनेमा-मालिकांतून आलं. सासूबाई म्हणाल्या, "आपली परंपरा आहे." मी विचारलं, "तुम्ही धरला होता का?" त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं हे?" सुनेला पाणी मिळालं. जेवण मात्र चंद्र दिसल्यावरच. नवरा त्या वेळी पानठेल्यावर होता.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक, इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवरच चिखलफेक सुरू झाली, तेव्हा ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. साल १८८२. पोथ्या-पुराणं त्यांना नीट माहीत होती, म्हणूनच त्यांना जाब विचारता आला. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली. बायकोच्या प्राणासाठी त्या वाटेला लागलेला एक तरी नवरा दाखवा, असं त्या विचारतात. वडाला सूत गुंडाळणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे? पुस्तक विस्मरणात गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं.

आणि गंमत अशी, की त्याच १८८२ साली तिकडे उत्तरेत एका बाईने 'सीमंतनी उपदेश' हे हिंदी पुस्तक लिहिलं. नाव दिलं नाही. 'एक अज्ञात हिंदू औरत' एवढीच ओळख. दागिन्यांच्या सोसावर, विधवांच्या हालांवर, पतिव्रताधर्मावर ती सडकून लिहिते. डॉ. धर्मवीर यांनी ते १९८८ मध्ये पुन्हा प्रकाशात आणलं. बघा, म्हणजे टीव्हीवर रामायण चालू होतं त्याच साली!

आपल्या हिंदी वर्गात बँकेचा अर्ज आणि रेल्वेचं आरक्षण झालं, की हेच पुस्तक वाचायला घेऊ. भाषा जुनी आहे, अडेल. अडलं तर मिळून सोडवू. आणि भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसतील, तेव्हा येताना वही आणा. आजीला खिरापतीच्या आधी बसवायचं आणि तिला येतात तेवढी सगळी गाणी उतरवून घ्यायची, सासरच्या तक्रारीची तर आधी.